आपल्याच मनानं वाजणारं खेळणं

गेल्या दिवाळीत आजोळी गेलो होतो. आजोळ म्हणजे पिंपळगाव राजा. जिल्हा बुलढाणा, तालुका खामगाव. (महाराष्ट्रात पिंपळगावं इतकी आहेत की मागे 'राजा' लावल्याशिवाय कुणाला पत्ता लागत नाही.) मामेबहीण बाळंतपणाला आली होती ती अजून माहेरीच होती, आणि घरात चार महिन्यांचे एक महाराज पाळण्यात होते. पुण्याहून निघताना त्यांच्यासाठी एक खेळणं घेतलं होतं. तीन सेल घालायचे, एक बटण दाबायचं, की पुढची पाच मिनिटं ते आपलं डोकं फिरवतं, लाल-निळे दिवे लावतं आणि इंग्रजी बडबडगीतं म्हणतं. खोक्यावर बाळाच्या मेंदूच्या विकासाबद्दल बरंच काही छापलेलं होतं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा बाळानं डोळे मोठ्ठे केले. हातपाय हलायचे थांबले. मी खूष! दुसऱ्यांदा लावलं, तेव्हाही बघितलं, पण जरा कमी. तिसऱ्यांदा त्यानं सरळ मान फिरवली आणि रडायला सुरुवात केली. मामीनं त्याला उचललं, खेळण्याचं बटण बंद केलं आणि सहज म्हणून गेली, "हे आपल्याच मनानं वाजते रे बाबू. मंग लेकरानं काय करावं?"

मामी सातवी शिकलेली आहे. तिचं हे वाक्य परतीच्या एसटीत खामगाव ते पुणे माझ्या डोक्यात घुमत राहिलं. नंतरचे तीन-चार शनिवार-रविवार मी त्याच्याच मागे लागलो होतो. आज जे लिहितोय ते त्या वाचनातून आलेलं आहे.

आमच्या धंद्यात प्रोग्रामचे ढोबळमानानं दोन प्रकार असतात. एक, जो चालू केला की आपला आपण धावत सुटतो आणि संपला की थांबतो. दुसरा, जो गप्प बसून वाट बघतो. तुम्ही काही केलंत की तो त्याला उत्तर देतो, नाही केलंत तर नाही देत. मी नेलेलं खेळणं पहिल्या जातीचं होतं. मामीला दुसऱ्या जातीचं हवं होतं. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या जातीची खेळणी तिच्या घरात आधीच होती. आपल्या सगळ्यांच्याच घरात ती पिढ्यान् पिढ्या आहेत.

सर्वात जुनं म्हणजे खुळखुळा. हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या उत्खननात भाजक्या मातीचे पोकळ गोळे सापडले आहेत, आत मातीच्या गोळ्या घातलेले. हलवले की वाजतात. म्हणजे चार हजार वर्षांहून जुनी ही कल्पना आहे. ग्रीकांकडे तर खुळखुळ्याच्या शोधकर्त्याचं नावही सांगतात: टॅरेंटमचा आर्किटस. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला हा बडा गणितज्ञ, प्लेटोचा मित्र आणि शिवाय सेनापती! ॲरिस्टॉटलनं 'पॉलिटिक्स'च्या शेवटच्या भागात आर्किटसच्या खुळखुळ्याचं कौतुक केलंय. पण कारण काय देतो बघा. लहान मुलांना स्वस्थ बसवत नाही, म्हणून त्यांच्या हातात हे द्यावं, म्हणजे ती घरातल्या वस्तू फोडत नाहीत. संपलं! बाळाच्या बुद्धीचा इथे काही संबंध नाही, काळजी आहे ती भांड्याकुंड्यांची.

मला हे वाचून हसू आलं, पण नंतर वाटलं की बाळाच्या एकट्यानं खेळण्याचा इतिहास खरंतर असाच सुरू होतो. मोठ्यांना काम असतं. बाळाची आई भाकरी थापत असते, नाहीतर शेतात कापूस वेचत असते आणि बाळ धुऱ्यावरच्या निंबाला बांधलेल्या झोळीत असतं. तेवढा वेळ बाळानं आपलं आपण रमावं ही गरज बाळाची नंतर, घराची आधी.

आता आपल्या पाळण्याकडे या. वर चिमणाळं टांगलेलं असतं, कापडाच्या नाहीतर लाकडाच्या चिमण्या-राघू. हातात चांदीचा खुळखुळा, बारशाला कुणीतरी दिलेला. (खामगावची चांदी आमच्याकडे प्रसिद्ध, त्यामुळे बारशाच्या आहेराला दुसरा विचार फार होत नाही.) आणि पायात घुंगरांचे वाळे. हे वाळे कशासाठी असं मी मामीला विचारलं, तर तिनं दोन कारणं सांगितली. एक, बाळाचे पाय उघडे बरे दिसत नाहीत. दोन, रांगायला लागलं की आवाजावरून कळतं, ते चुलीकडे चाललंय की उंबऱ्याकडे. दुसरं कारण मला फारच आवडलं. आम्ही सर्व्हरवर लक्ष ठेवायला नोंदी ठेवतो, तसलाच हा प्रकार!

पण तिसरं एक कारण आहे, जे कुणी सांगत नाही कारण बाळाला बोलता येत नाही. पाय झाडला की छुम वाजतं. थांबवला की थांबतं. जोरात झाडला की जास्त वाजतं. चिमणाळ्याचं तसं नाही, ते वाऱ्यानं किंवा आजीच्या हातानं हलतं, बाळ फक्त बघतं. वाळ्यांमध्ये मात्र करणारा बाळ स्वतः आहे.

हे मी आत्ता हुशारीनं सांगतोय, पण ही गोष्ट शास्त्रात यायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. आणि ती ज्या पद्धतीनं आली तीसुद्धा मामीच्या घरात शोभेल अशीच आहे.

कॅरोलिन रोव्ही नावाची एक अमेरिकन बाई मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. घरात दोनेक महिन्यांचं बाळ. त्याला पाळण्यावरचं झुंबर हलवून दाखवलं की ते गप्प बसायचं, पण हलवणार कोण आणि प्रबंध लिहिणार कोण? तिनं एक फीत घेतली, एक टोक बाळाच्या घोट्याला आणि दुसरं टोक झुंबराला बांधलं. आता बाळ पाय हलवेल तसं झुंबर हलेल. थोड्याच वेळात बाळ जोरजोरात पाय झाडायला लागलं. त्याला कळलं होतं! त्या वेळी इतक्या लहान बाळाला असं काही शिकता येतं यावर तज्ज्ञांचा फारसा विश्वास नव्हता. १९६९ साली हा प्रयोग रीतसर छापून आला आणि पुढे कॅरोलिन रोव्ही-कोलियर या नावानं त्यांनी अख्खी कारकीर्द या एका फितीवर उभी केली. फीत बांधलेला खेळ बाळाच्या किती दिवस लक्षात राहतो हे त्यांनी मोजलं. दोन महिन्यांच्या बाळाला एक-दोन दिवस, तीन महिन्यांच्या बाळाला साधारण आठवडाभर, सहा महिन्यांच्या बाळाला दोन आठवडे. चिमणाळं आणि वाळे एका दोरीनं जोडले, एवढाच काय तो शोध!

(इथे थांबून सांगतो: घरी हे करू नका. प्रयोगात समोर माणूस बसलेला असतो. पाळण्यातल्या बाळाच्या अंगाला दोरी बांधून बाजूला जाणं धोक्याचं आहे.)

त्याच सुमारास जॉन वॉटसन यांनी आणखी एक प्रयोग केला. मला तो माझ्या खेळण्याचा निकाल वाटतो. आठ आठवड्यांची बाळं घेतली. काहींच्या उशीत अशी सोय केली की बाळानं डोकं दाबलं की वरचं झुंबर फिरेल. काहींच्या पाळण्यावर झुंबर फिरायचं, पण आपल्याच मनानं. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे. ज्यांच्या हाती झुंबर होतं ती बाळं अधिकाधिक वेळा डोकं दाबायला लागली, आणि तीन-चार दिवसांनी झुंबराकडे बघून हसायला, हुंकार द्यायला लागली. ज्यांचं झुंबर आपोआप फिरत होतं ती तशी हसली नाहीत. पुढे त्या दुसऱ्या गटाला खरंच हातात येणारं झुंबर दिलं, तेव्हाही त्यांना ते चालवणं जमेना. 'आपण काही केल्यानं काही होत नाही' हेही बाळ शिकतं, आणि तेही पक्कं शिकतं.

"मंग लेकरानं काय करावं?" याचं उत्तर हे असं आहे.

आता हे झालं तान्ह्या बाळांचं. पण मोठ्यांची सोय म्हणून सुरू झालेला एकट्याचा खेळ हा मुलाचा हक्क आहे असं म्हणणारं कुणी होतं का? होतं, आणि त्यातलं एक नाव आपल्या मराठीत आहे. पण तिथे जायला आधी रोमला जावं लागतं.

६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसरी यांनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांमधला दट्ट्यांचा ठोकळा बऱ्याच जणांनी पाहिला असेल. दहा भोकं, दहा लाकडी दट्टे, प्रत्येकाचं माप वेगळं. एक जरी दट्ट्या चुकीच्या भोकात गेला तर शेवटी एक दट्ट्या असा उरतो की तो कुठेच बसत नाही. बाई 'चुकलं' म्हणत नाहीत. ठोकळाच सांगतो. मूल परत सगळं काढतं आणि परत बसवतं. आमच्यातल्या ज्यांनी कंपायलरचे लाल शेरे खाल्लेत त्यांना हे लगेच कळेल. माणसानं चूक दाखवली की राग येतो, यंत्रानं दाखवली की माणूस मुकाट्यानं सेमीकोलन शोधतो.

भावनगरचे वकील गिजुभाई बधेका यांच्या हाती मॉन्टेसरींचं पुस्तक पडलं ते मुलगा झाला म्हणून. वकिली सोडून त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं. आणि १९२३ मध्ये तिथे आल्या ताराबाई मोडक. ताराबाईंचा जन्म मुंबईचा, १८९२ चा. लग्नानंतर काही वर्षं त्या आमच्या वऱ्हाडात, अमरावतीला होत्या. १९२१ मध्ये घटस्फोट झाला. त्या काळी घटस्फोट म्हणजे काय असेल याची कल्पना करा! राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्यपदावरून त्या लेकीला घेऊन गिजुभाईंकडे गेल्या आणि तिथल्याच झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला.

पण ताराबाईंना एक गोष्ट टोचत होती. मॉन्टेसरींची साधनं सुबक, आणि तितकीच महाग. ती कुणाच्या मुलांना मिळणार? शहरातल्या, पैसेवाल्यांच्या. १९४५ मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, खेड्यातल्या मुलांसाठी. सोबत अनुताई वाघ, वय ३५, बालविधवा, नोकरी करत शिकलेल्या. पुढे १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली आदिवासींमध्ये. तिथे शिंपले, गोटे, बिया, पानं, माती हीच साधनं झाली. लहानमोठे शिंपले उतरत्या क्रमानं लावणं आणि दट्टे बसवणं यात बुद्धीला फरक पडत नाही, पैशाला पडतो.

आणि इथे परत पाळणा येतो. कोसबाडला शाळेत येणाऱ्या पोरींच्या कडेवर धाकटं भावंडं असायचं. आईबाप मजुरीला, मग बाळ सांभाळणार कोण? बाळ सांभाळायचं तर पोरीची शाळा बुडणार. ताराबाई-अनुताईंनी शाळेला बालवाडी आणि पाळणाघर दोन्ही जोडलं, त्याला विकासवाडी म्हणाले. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. पण मला पुरस्कारांपेक्षा ते पाळणाघर मोठं वाटतं. बाळ रमलं की ताई शिकते, हा हिशेब त्यांनी मांडला. आर्किटसला भांडी वाचवायची होती, यांनी दोन पोरं वाचवली.

'अंगणवाडी' हा शब्द पुढे सगळ्या देशाचा झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. आज अंगणवाडी नाही असं गाव शोधावं लागेल. पण या योजनेत शिकणं म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिकणं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला वजनकाटा, लस आणि घरी न्यायचा आहार. हे गरजेचं होतंच. पण त्याच्या खेळण्याचा विचार व्हायला फार वेळ लागला. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी केंद्र सरकारचा 'नवचेतना' नावाचा आराखडा आला तो २०२४ मध्ये. घरातल्या वस्तूंनी बाळाशी कसं खेळावं हे त्यात महिन्यांनुसार दिलं आहे. म्हणजे योजनेनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी.

"खेळण्यानं काय होतंय, आधी पोट भरू दे" असं म्हणणाऱ्यांसाठी जमैकाचं एक उदाहरण आहे. १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहरात कुपोषणामुळे उंची खुंटलेली १२९ बाळं निवडली, वय ९ ते २४ महिने. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जायची, पिशवीत टाकाऊ वस्तूंपासून बनवलेली खेळणी घेऊन. आईला आणि बाळाला खेळवायची, खेळणी घरीच ठेवायची आणि पुढच्या आठवड्यात बदलून न्यायची. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तर खेळलेल्या मुलांची कमाई न खेळलेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. २०१४ मध्ये हे 'सायन्स' या नियतकालिकात आलं. बाटल्या, झाकणं आणि कापडाच्या बाहुल्या. सेल एकालाही लागत नव्हता.

पण जमैकातली एक गोष्ट निसटता कामा नये. सेविका खेळणी दारात ठेवून निघून जात नव्हती. ती आईला बाळासोबत बसवत होती. उत्तर देणारं सर्वात चांगलं खेळणं म्हणजे माणूस. बाळ 'आगूं' म्हणालं की आई 'आगूं' म्हणते, यापेक्षा चोख प्रतिसाद कुठल्या यंत्रात आहे? २०१६ मध्ये अमेरिकेत २६ आईबाप-बाळ जोड्यांवर झालेला एक छोटा अभ्यास छापून आला. बोलणारी-गाणारी खेळणी समोर असताना आईबाप कमी बोलत होते आणि बाळंही कमी आवाज काढत होती. पुस्तकं समोर असताना सगळ्यात जास्त बोलणं झालं, साधी लाकडी ठोकळ्यांसारखी खेळणी मध्ये. खेळणं बोलायला लागलं की घर गप्प होतं.

म्हणून 'एकट्यानं खेळणं' आणि 'एकटं टाकलेलं असणं' यात मी आता फरक करतो. बाळ खाली सतरंजीवर पालथं पडलंय, समोर स्टीलची वाटी आहे, ते तिच्यावर हात आपटतंय, आणि मामी दोन हातांवर शेंगा फोडत बसली आहे. ती मध्ये पडत नाही. वाटी लांब गेली तर लगेच आणून देत नाही, जरा धडपडू देते. पण बाळानं मान वर केली की तिची नजर तिथे असते.

जुनं ते सगळं सोनं असंही म्हणायचं नाही. सुटे मणी, घशात जातील अशा बिया, शिशाचे रंग, सैल घुंगरू हे सगळं जुन्या खेळण्यांतही होतं, आणि वाळ्यांचा घुंगरू निघतोय का हे रोज बघायलाच हवं. पण पांगुळगाडा आणि आजचा चाकांचा वॉकर शेजारी ठेवून बघा. पांगुळगाडा मूल ढकलेल तेवढाच जातो, ते थांबलं की थांबतो. वॉकरमध्ये मूल टांगलेलं असतं आणि चाकं त्याला घेऊन जातात, कधी कधी पायऱ्यांवरूनही. कॅनडानं २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. सुधारणा झाली असं आपण समजतो, तिथे कधी कधी फक्त कर्ता बदललेला असतो.

आणि हे लिहिताना मला माझंही बघायला हवं. मी पोटासाठी जे करतो त्यातला बराच भाग म्हणजे लोकांनी पडद्यासमोरून उठू नये याची व्यवस्था. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू. तेव्हा आम्हाला त्याचं फार कौतुक वाटायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये. मी ज्या व्हिडिओंची रांग लावायला मदत केली त्यांच्यासमोर आज किती बाळं हातपाय न हलवता बसली असतील, कुणास ठाऊक. आपल्याच मनानं वाजणारी खेळणी बनवणाऱ्यांत मीही आहे.

असो. मागच्या आठवड्यात मामीचा फोन आला होता. बाळ आता बसायला लागलंय. वाटी आपटून आपटून तिला पोचे आणलेत, आणि आता चमचा खाली टाकायचा, कुणी उचलून दिला की परत टाकायचा, हा नवा उद्योग आहे. दिवसातून पन्नास वेळा. मामी वैतागली होती, पण उचलून देत होती.

मी भीत भीत माझ्या खेळण्याचं विचारलं. ती म्हणाली, "हाये नं, त्याच्याशीच तं खेळते तो. त्याचं डोकं धरून आपटते." मग म्हणाली, "सेल काढून मी घड्याळाले लावले."